डेमोत पास, केसपेपरात नापास

मोठ्या कंपन्यांना एआय विकायला निघालेल्या तरुण संस्थापकांनी पिचडेक बाजूला ठेवून टेक्सास विद्यापीठाचा एक जुना लेखापरीक्षण अहवाल वाचावा. करमणूक भरपूर, आणि तीही सरकारी भाषेत.

आयबीएमच्या वॉटसन या संगणक-प्रणालीने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘जेपर्डी’ या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत दोन विक्रमवीरांना लोळवलं. प्रश्नमंजूषा जिंकली म्हणजे कर्करोगही कळणार, हे मग ओघानेच आलं. टेक्सास विद्यापीठाच्याच, ह्यूस्टनमधल्या एमडी अँडरसन रुग्णालयात त्याला डॉक्टरांचा सल्लागार नेमायचं ठरलं. २०१७ च्या सुरुवातीला या अहवालातून हिशेब बाहेर आला: ६ कोटी २० लाख डॉलर खर्च, रुग्णांसाठी वापर शून्य. मधल्या काळात रुग्णालयाने नोंदींची प्रणाली बदलून ‘एपिक’ आणली होती आणि वॉटसनची जोडणी जुन्या प्रणालीशीच राहिली होती. म्हणजे वैद्यकशास्त्र कोळून प्यायलेल्या या महाशयांना समोरच्या रुग्णाचा केसपेपरच दिसत नव्हता!

अहवालात आणखी एक गंमत आहे. या प्रकल्पावरच्या सल्लागार संस्थेचं शुल्क वारंवार, मंडळाची मंजुरी लागते त्या मर्यादेच्या जेमतेम खाली बसवलेलं आढळलं. निविदांचे तुकडे पाडण्यात हयात गेलेल्या आपल्याकडच्या साहेबांना ह्यूस्टन अगदी घरच्यासारखं वाटेल.

तरी पिचडेकच्या पहिल्या पानावर मॉडेलची अचूकताच झळकते. गिऱ्हाईक विचारतं ते वेगळंच. आमच्या एसएपी प्रणालीला जोडता का? डेटा कुठे ठेवणार? आणि चुकलं तर सही कुणाची? मग सिक्युरिटीची लांबलचक प्रश्नावली येते, लीगल येतं, सर्वांत शेवटी पर्चेस येतं आणि भाव पाडतं. पायलट मात्र सगळे हौसेने करतात. फुकट असतो, फोटोही छान येतो.

चुकलं तर कोण, याचं एक उत्तर एअर कॅनडाने देऊन पाहिलं. आजी वारलेल्या प्रवाशाला चॅटबॉटने तिकीट-सवलतीची चुकीची माहिती दिली होती. कंपनीचा बचाव असा, की चॅटबॉट काय बोलला याची जबाबदारी चॅटबॉटची. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा बचाव फेटाळून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरायला लावले. रक्कम किरकोळ आहे, पण तुमच्या करारातलं नुकसानभरपाईचं कलम आता गिऱ्हाइकाचा वकील भिंग लावून वाचणार.

एवढी यातायात नको असेल तर उद्योजक टॉम सीबेल यांचा रस्ता आहे: नाव बदला. २००९ मध्ये निघालेली त्यांची कंपनी आधी ‘सीथ्री एनर्जी’ होती. आयओटीची (इंटरनेट ऑफ थिंग्जची) हवा आली तशी २०१६ मध्ये ‘सीथ्री आयओटी’ झाली, २०१९ मध्ये ‘सीथ्री डॉट एआय’. २०२० च्या डिसेंबरात न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली तेव्हा शेअरचं चिन्हच घेतलं ‘एआय’! उत्पादनाबद्दल काय बोलायचं ते गिऱ्हाइकं बोलतील. व्हिजिटिंग कार्डं छापणाऱ्याचं मात्र बरं चाललं असणार.