वसमतच्यावानी टाळं
पूर्णेच्या आमच्या गल्लीत बातमी आधी कंपाउंडच्या भिंतीवर येते, मग पेपरात. काकू सुपात गहू निवडत होत्या. पलीकडं वहिनी दोरीवर कपडे टाकत होत्या.

"काय वं वहिनी, मास्तरीणबाईनं एफडी मोडली म्हणं. मुदतीच्या आधीच!"

"कामून?"

"वसमतच्यावानी इथल्या बँकेलाबी टाळं लागणार म्हणं. सगळेच सांगायलेत."

वहिनींचे यजमान सहकार खात्यातून रिटायर झालेले. त्यामुळं बँकेचा विषय निघाला की वहिनींचा आवाज आपोआप चढतो.

"वसमतचं मला विचारा. जयप्रकाश नारायण नागरी बँक. 6 फेब्रुवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेनं लायसन काढून घेतलं. भांडवल पुरेसं नाही, कमाईची आशा नाही, ठेवीदारांचे पूर्ण पैसे देता येणार नाहीत, असं सरळ लिहून दिलं. वसमत म्हणजे काई लांबचं नाही, 1999 पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. त्याच्या आधी 2022 मधी मंठा अर्बन बँकेचं तेच झालं."

"बघा! बुडालेच की लोक."

"कुठं बुडाले? वसमतच्या 99.78 टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळंल, असं त्याच दिवशी जाहीर केलं होतं."

"बँकेकडंच नाहीत, मंग देतं कोण?"

"ठेव विमा महामंडळ. हप्ता बँक भरते, आपल्या खात्यातून काई कापत नाहीत. 1960 ला केरळातली पलाई बँक अन् आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बसली, तवापासून सरकारला जाग आली. 1962 ला विमा सुरू झाला, दीड हजारापर्यंत."

"नाव लक्ष्मी अन् बसली!" काकूंनी खडा भिरकावला. "आता किती देतेत?"

"पाच लाख, मुद्दल अन् व्याज धरून. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत एकच लाख होते."

"मंग पाच इथल्या शाखेत ठेवते, पाच परभणीच्या."

"तसं नाही जमत. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून पाच. हां, काकांच्या नावावर वेगळे पाच धरतेत."

"त्यांच्या नावावर? नको बाई, ते लगेच ट्रॅक्टरच्या शोरूमला जातील." काकू जराशा थांबल्या. "पण टाळं कामून लावायचं वं? हळूहळू सुधरली असती की."

"सुधरंल सुधरंल म्हणून पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 पासून रिझर्व्ह बँकेचे निर्बंध होते. लायसन गेलं 2022 मधी. तवर ठेवीदार हेलपाटेच घालत राहिले. मला विचाराल तर टाळं उशिराच लागतं. 2021 ला कायदा बदलला म्हणून बरं, आता निर्बंध आले की नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतेत. फक्त कागद येळेवर द्यायचे, अन् दुसऱ्या बँकेतला खाते नंबर. कर्ज असंल तर तेवढं वळतं करून घेतेत."

काकूंना कागदाचं काही पडलं नव्हतं. सूप भिंतीवर ठेवून त्या पुढं वाकल्या.

"मास्तरीणबाई मात्र हुशार. मोडलेले पैसे लगेच मल्टिस्टेटमधी टाकले. बारा टक्के!"

वहिनींच्या हातातली चादर हातातच राहिली.

"अवो काकू, ती पतसंस्था! बँक नाही! तिला रिझर्व्ह बँकेचं लायसन नसतं, ना ठेवीला विमा. पाच लाख सोडा, पाच रुपयेबी कोणी देणार नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमधी ठेवीदारांचे पैसे कसे अडकले, अख्ख्या मराठवाड्याला ठाऊक आहे. फुटक्या छताला भिऊन उघड्यावर जाऊन झोपली की ती!"

"असं व्हय?" काकूंचा आवाज बारीक झाला. "पावती तर कालच फाडली तिनं."

"मंग आत्ताच जाऊन सांगा, परत मागून पाहा म्हणावं."

"तुम्हीच सांगा वं, वहिनी. तुमचं ऐकती ती." काकूंनी सूप उचललं. "एजंटाचा नंबर मीच दिला होता तिला."