पाण्याचा मानपान

सामाजिक समतेसाठी ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांना जे साधले नाही, ते लातूरच्या जिल्हा प्रशासनाने २०१६ सालच्या मार्च महिन्यात एका हुकमासरशी साधून दाखविले, ही गोष्ट आमच्या इतिहासकारांच्या नजरेतून अद्याप निसटलेली दिसते. पाणवठ्यापाशी फिरकू नये, अशी ताकीद आमच्या गावांनी पिढ्यानपिढ्या काही ठराविक जातींनाच देऊन ठेवली होती. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्राशन केले, तेव्हा तळे बाटले म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी रिचविणारे सद्गृहस्थ याच ताकिदीचे इमानी अंमलदार होते. पुढे राज्यघटनेने १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तळी आणि स्नानघाट सर्वांना मोकळे केले. लातुरात मात्र कलम १४४ अन्वये पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागी जमाव करण्यास मनाई झाली, आणि ती करताना ब्राह्मण, मराठा, लिंगायत, मुसलमान, मातंग असा कोणताही भेद पाळण्यात आला नाही. तहानेपुरत्या का होईना, सर्व जाती एका पंक्तीस बसल्या.

हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देण्यात हशील नाही. मांजरा धरण आटलेले, नळाला पंधरवडा पंधरवडा पाणी नाही आणि टाकीवर डोकी फुटण्याचा रंग. अशा वेळी त्याच्या हाती जमावबंदीखेरीज काय उरले होते? पाण्याची तजवीज करायची ती वरच्यांनी. आणि वरच्यांची तर या मुलुखात कधीच वाण पडली नाही. नांदेड व लातूर या शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: नांदेडने शंकरराव चव्हाण आणि त्यांचे चिरंजीव अशोकराव, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. शंकररावांनी पाटबंधाऱ्यांसाठी केले ते केलेच, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु दरडोई मुख्यमंत्र्यांचे हे प्रमाण दरडोई लिटरांच्या प्रमाणाशी ताडून पाहण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. इतके होऊनही शिवारातला ऊस हटला नाही, कारण उसाला कारखाना असतो, कारखान्याला चेअरमन असतो आणि चेअरमनला तिकीट असते. ज्वारीला यांपैकी काहीच नसते.

समतेच्या या राज्यात अपवाद फक्त धुळीचा झाला. एप्रिलच्या मध्यास तत्कालीन महसूलमंत्री एकनाथराव खडसे यांची स्वारी औसा तालुक्यातील बेलकुंड येथे हेलिकॉप्टरने यावयाची होती, आणि हुजुरांच्या अंगावर माती उडू नये म्हणून हेलिपॅडवर सुमारे १०,००० लिटर पाणी शिंपडण्यात आले, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी छापले. दोनशे लिटरांची पन्नास पिंपे. त्या जागेभोवती जमावबंदी होती किंवा कसे, आणि असल्यास स्वागतास जमलेल्या कार्यकर्त्यांची शिरगणती कोणी केली, याचा उल्लेख कोणत्याही दफ्तरात आढळेल असे वाटत नाही. त्याच सुमारास जलसंधारणमंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरेच्या कामावर स्वतःची छबी टिपून प्रसृत केली, आणि गिल्ला होताच, कोरड्या पात्रात पाणी दिसल्याचा दिलासा त्यामागे होता, असा खुलासा केला. खुलासा रास्त असेलही. परंतु दुष्काळाची छायाचित्रे घागरीच्या बाजूने काढण्याचा जुना प्रघात त्यामुळे मोडला, हे खरे.

खेड्यात पाणी आपला मानपान अधिक उघडपणे सांभाळते. टँकर आला की त्याची नळी प्रथम कोणाच्या हौदात पडते यावरून त्या गावचा सरपंच कोण, पुढला कोण होणार आणि कोणाचा मेहुणा ठेकेदार आहे, हे परक्यालाही बिनचूक सांगता येते. गावाच्या पार कडेला वस्ती आहे तिथल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन चालकाच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहतात, आणि तो दाराची काच अर्धी खाली करून म्हणतो, "मावशी, तिकडं गाडी वळत न्हाई." यावर एखादी म्हातारी पदर खोचीत उत्तर देते, "इलेक्शनला आल्ते तव्हा बरी वळाली की रं बाबा!" चालक काच वर करतो. त्याचेही बरोबरच आहे. फेऱ्यांची नोंद वहीत झालेली असते आणि वहीवर सही गावातल्या हौदापाशीच मिळते. अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली असल्यामुळे हा दोष जातीचा नव्हे, गाडीच्या चाकांचा आहे, असे पंचनाम्यात लिहिता येते.

राहता राहिली पाण्याची रेल्वे. ११ एप्रिलला मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरात पोहोचली, आणि पुढे या गाड्यांनी शहर जगविले. रेल्वेच्या माणसांनी रात्रंदिवस खपून केलेले हे काम थट्टेचा विषय नव्हे. थट्टेचा विषय होता तो गाडीवर आपल्या नेत्यांचे फलक डकविण्यासाठी उसळलेल्या उत्साहाचा. मे महिन्यात रेल्वेकडून जिल्हाधिकारी कचेरीकडे सुमारे ४ कोटी रुपयांचे देयक आले, आणि ओरड होताच, ते जिल्ह्यानेच मागविले म्हणून पाठविले, असे सांगण्यात आले. त्या देयकावर फलक डकविण्यासाठी मात्र कोणी शिडी घेऊन आल्याचे ऐकिवात नाही.