जगातलं सर्वांत लांब जंक्शन

मोठ्या शहरांत हल्ली म्हणे आगगाडीतून उतरलेल्या माणसाला पायरीसुद्धा न चढता बस मिळते. जिनाच त्याला वर नेऊन सोडतो. एवढ्याशा जागेत रेल्वे, बस, माणसं सगळं कोंबायचं, म्हणजे जागेचीच टंचाई म्हणायची. आम्हा पाथर्डीकरांना तसली टंचाई नाही. आमचं जंक्शन पन्नासेक किलोमीटर लांब आहे. त्याचं बसचं टोक पाथर्डीत, रेल्वेचं टोक नगरात. मधे तिसगाव, करंजी, मेहेकरी, भिंगार. सरकत्या जिन्याचं काम करंजीचा घाट करतो. फरक इतकाच की इथे जिना जागेवर राहतो आणि पोट सरकतं.

महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून निघाली ती थेट नगरला आली. आगगाडी तर त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या काळातच दौंड-मनमाड मार्गानं नगरात नांदायला आलेली. दोघी एकाच गावात इतकी वर्षं आहेत, पण जाणं-येणं नाही. माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकातलं पुणे बसस्थानक अशी नगरात तीन स्थानकं; रेल्वे स्टेशन त्यांतल्या एकाच्याही अंगणात नाही. मग सोयरीक जुळवतो रिक्षावाला, आणि मध्यस्थ आला की दक्षिणा आलीच.

आमच्या जंक्शनात चौकशीची खिडकी लागत नाही, कारण अख्खी गाडीच चौकशी करते. मांडीवर बॅग घेऊन सारखं घड्याळ बघणारा माणूस दिसला की शेजारचा विचारतो, “रेल्वेनी चालला का?” मग मागच्या सीटवरून प्रश्न येतात. कोणती गाडी, कुणाचे तुम्ही, नोकरी कुठं, लग्न झालं का? तिसगाव येईपर्यंत तुमचं तिकीट वेटिंगवर आहे हे सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं, आणि करंजीला गाडीत चढलेला माणूससुद्धा “कितीवर आलं?” असं तुम्हालाच विचारतो.

महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं २०२३ साली, पण मावशींची काळजी अजून पूर्ण दरातच असते.

“भाऊ, जरा हाणा की गाडी. पोराची रेल्वे चुकंल.”

“मावशी, पुढं घाट हाये. हाणली तर सगळ्यांचं एकदम वरचं तिकीट कन्फर्म व्हईल.”

आता तुम्ही म्हणाल, पाथर्डीलाच रेल्वे आणा. ती आलीच होती जवळपास! नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५ साली. गाडी आष्टीपर्यंत धावली २३ सप्टेंबर २०२२ला आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ला. मंजुरीनंतर तीस वर्षांनी बीडला पोचलेली गाडी नवसाचीच. पण जाताना ती आम्हाला दक्षिणेकडून वळसा घालून गेली.

त्यामुळे आमची रेल्वे बसस्थानकाच्या बाकावरूनच सुटते. एक जण ती शेवगाववरून पैठणला नेतो. दुसरा मोहटादेवीच्या पायथ्याशी थांबवतो, कारण नवरात्रात तेवढीच सोय. तिसरा मढीचा, त्याला कानिफनाथांसाठी हॉल्ट हवा. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि काठेवाडी गाढवं लांबून, ट्रकात बसून, थेट बाजारात उतरतात. त्यांना कुठे गाडी बदलावी लागत नाही, ही गोष्ट बाकावरच्या माणसांना फार लागते.

माझं मत विचाराल तर पाथर्डीला स्टेशन जरूर व्हावं, पण बसस्थानकाला चिकटून नको. निदान तिसगावच्या पलीकडे बांधा. पोराचं वेटिंग कन्फर्म झालं की नाही, हे अख्ख्या तालुक्याला कळायला तेवढा तरी रस्ता लागतोच.