वर्तणूक : चांगली

औरंगाबादेत १९५०च्या आगेमागे मॅट्रिक झालेल्या माणसाला शाळेच्या निरोप समारंभाबद्दल विचारायचं असेल, तर आधी चहाचं आधण ठेवावं. एका कपात ते प्रकरण आटोपत नाही. माझ्या वडिलांची मित्रमंडळी रविवारी सकाळी घरी जमायची आणि हा विषय निघाला की आई आतूनच विचारायची, “अजून संपला नाही का तुमचा तो समारंभ?”

संपणार कसा? या पोरांनी शाळेला निरोप द्यायच्या आधीच शाळा त्यांच्यासमोर एकेका गोष्टीला निरोप देत सुटली होती. पहिला निरोप शुक्रवारला. निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान भारतात आलं आणि सुट्टी रविवारवर गेली. राजवट बदलल्याची खरी खूण आपल्याला तेव्हा पटली, असं वडील म्हणायचे. बदलाच्या त्या आठवड्यात दोन्ही वार पदरात पडले की दोन्ही हुकले, यावर मात्र मंडळींचं कधीच एकमत झालं नाही. दोन्ही बाजूंना साक्षीदार होते.

मग गेली उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दूतून शिकवण्यासाठीच, आणि हायस्कुलांनाही त्याच वाटेनं जावं लागे. त्यामुळे घरी मराठी बोलणारं पोर शाळेत गेलं की बेरीज-वजाबाकीऐवजी जमा-तफरीक करू लागे. वडिलांच्या वर्गानं मोठ्या कष्टानं ‘मुसल्लस’ पाठ केला आणि तो नीट काढता येईपर्यंत त्याचा त्रिकोण झाला. गणितात नापास होण्याचं इतकं भरभक्कम कारण पुढच्या कुठल्याही पिढीला मिळालं नाही. इतिहासाच्या मास्तरांचे हाल तर विचारू नयेत. कालपर्यंत ज्यांच्या कारकिर्दीचे गुण सांगायचे, त्यांचे आज काय सांगायचे, हे ठरेपर्यंत ते पोरांना नकाशे काढायला लावत.

तर अशा वर्गाचा १९५४ सालचा निरोप समारंभ. वर्गणी माणशी एक रुपया ठरली, आणि तिथेच घोटाळा झाला. तेव्हा बाजारात दोन रुपये चालत होते, निजामाचा हाली आणि भारत सरकारचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव. रुपया कुठला ते मॉनिटरनं सांगितलं नाही, आणि पोरं काही मूर्ख नव्हती. जमले ते बहुतेक हाली. गुलमंडीच्या हलवायानं इमरतीचा भाव सांगितला तो कलदारात. मॉनिटरनं बेचाळीस रुपयांचे छत्तीस झालेले पाहिले. मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला गणितात उत्तम गुण पडले ते या व्यवहारामुळे, असा मंडळींचा दावा होता. इमरती मात्र प्रत्येकी अर्धीच आली.

समारंभाआधी ग्रुप फोटो. हेडमास्तर शेरवानीत, मराठीचे सर धोतर, कोट आणि काळ्या टोपीत, ड्रिल मास्तर खाकी हाफपँटमध्ये, आणि मागे बाकांवर उभी असलेली पोरं. १९५१ साली ‘आवारा’ आला होता. त्यामुळे मागच्या रांगेतल्या निम्म्यांच्या कपाळावर राज कपूर उतरलेला, आणि उरलेल्यांच्या घरी वडील कडक. काळ्या कापडात डोकं घालून फोटोग्राफर “हिलो मत” म्हणाला, तेव्हा नेमकं कुणीतरी हसलं. म्हणून आमच्या घरच्या प्रतीत वडिलांना दोन नाकं आहेत.

मग भाषणं. मराठीच्या सरांसाठी मुलांनी मानपत्र लिहिलं होतं. सरांनी ते हातात घेतलं, डोळे टिपले, खिशातून पेन्सिल काढली आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून परत दिलं. नंतर उठले मौलवीसाब. उर्दू आता शाळेत पाहुण्यासारखी उरली होती, पण त्यांचा आवाज तसाच भरदार होता. पोरांची उर्दू अर्धीकच्ची, त्यामुळे भाषण निम्मंच कळलं. जे कळलं नाही तिथे जास्त रडू आलं, असं वडील सांगायचे. मला वाटतं, चांगल्या भाषणाची याहून मोठी पावती नाही. वली आणि सिराज या शायरांच्या गावात शिकवून मौलवीसाब रिकामे निघाले असते तरच नवल.

रडून झालं की शेलापागोटी. एकेकाला पुढे बोलावून त्याच्या गुणाला शोभेल अशी वस्तू द्यायची. जो बाकावर झोपायचा त्याला उशीचा अभ्रा, ज्याचं पेन गळायचं त्याला टिपकागद, जो कायम पहिला यायचा त्याला ‘गाइड’. मुलींची शाळा वेगळी, त्यामुळे आपण कुणाच्या नजरेत आहोत हे कळायचा हा एकच मार्ग आणि तोही मुलांच्याच नजरेतून. आईच्या शाळेत असला वात्रटपणा नव्हता. तिथे अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि मोठ्या बाईंनी ‘सासरी गेल्यावर’ या शब्दांनी भाषण सुरू केलं. वर्गातल्या बऱ्याच मुलींची लग्नं ठरलेलीच होती. शाळा सुटायची आणि माहेरही सुटायचं, एकाच मे महिन्यात. आई म्हणायची, “आम्ही एकदाच रडून घेतलं. दोन-दोनदा कोण रडतंय?”

या सगळ्या गमतीत मला एक गोष्ट मात्र नेहमी आठवते. याच गावात १९३८ साली इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं ‘वंदे मातरम्’ म्हणायला लागली. म्हणू नका सांगितलं तरी म्हणत राहिली, आणि नावं कापून बाहेर घालवली गेली. त्यांच्या निरोपाला ना इमरती होती ना फोटो. संस्थानातून अशा काढलेल्या पोरांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही त्यातलेच. वडिलांच्या वर्गाला अर्ध्या इमरतीची कुरकूर करायची ऐपत आली ती या थोरल्यांमुळे, हे वडीलही कबूल करायचे, पण कुरकूर सोडायचे नाहीत.

समारंभानंतरचा रविवार दौलताबादचा. तासाच्या भाड्यानं सायकली, दोघांत एक, आणि येताना पिशवीभर पेरू. किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, शिरलं की प्रत्येकानं मोठ्यानं ओरडून आपण पुढे काय होणार ते सांगायचं, असा ठराव झाला होता. अंधारात कुणाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे डॉक्टर, बॅरिस्टर, कलेक्टर असे भराभर झाले. एक जण “मी पास होणार” एवढंच ओरडला आणि सगळे गप्प झाले. परीक्षा महिन्यावर आली होती.

जन्मभराची ताटातूट असं जिला म्हणून झालं होतं, तिचं काय झालं? पूर्वी मॅट्रिकनंतर छोट्या गाडीनं एक तर हैदराबाद गाठायचं, नाही तर मनमाडला उतरून, ट्रंक डोक्यावर घेऊन, मोठ्या गाडीनं पुणं-मुंबई. पण १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेतच कॉलेज काढलं होतं. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. त्यामुळे मार्चमध्ये गळ्यात गळे घालून रडलेली मंडळी जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत एकमेकांपुढे उभी राहिली आणि नजर चुकवू लागली. रडण्याची भरपाई मागायची सोय नव्हती.

शाळेनं जाताना प्रत्येकाच्या हातात दाखला दिला. वर्तणूक, चांगली. ज्यानं प्रयोगशाळेतला बेडूक मौलवीसाबांच्या टेबलावर सोडला त्याचीही चांगली आणि ज्यानं त्याचं नाव सांगितलं त्याचीही चांगली. जन्मतारखेच्या रकान्यात मात्र गंमत होती. खेड्यातून आलेल्या बहुतेकांची जन्मतारीख १ जून. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे. “पोळ्याच्या आसपास झालाय” एवढंच त्याला ठाऊक, आणि गुरुजींना रकाना तर भरायचा असे.

त्या रकान्याचा हिशेब निघाला १९९५ साली. सरकारी नोकरीत तेव्हा अठ्ठावन्न वर्षं भरली की घरी जायचं, आणि १ जूनवाल्यांची भरतात ३१ मेला. वडिलांच्या कचेरीत त्या संध्याकाळी पाच जण एकदम निवृत्त झाले. त्यातले तिघं १९५४च्या फोटोतले. साहेबांनी पाचही जणांविषयी एकच भाषण केलं, फक्त नावं बदलली. हार पाच होते, नारळ पाच होते, शाली चार निघाल्या. वडिलांचं नाव आडनावाच्या क्रमात शेवटी. “तुमची उद्या देतो,” हेडक्लार्क म्हणाला. उद्या कचेरीत जायचं कारण उरलं नव्हतं, आणि शाल मागायला जाणं वडिलांच्या स्वभावात नव्हतं. आईनं मात्र दर थंडीत त्या हेडक्लार्कची आठवण काढली.