मांडवाबाहेरचे मास्तर

शाळेतल्या मास्तरांची बदली होते, पोस्टमास्तर निवृत्त होतात. बँडमास्तरांना दोन्ही सोयी नाहीत. आजोबांनी काढलेला बँड वडिलांनी वाजवला, आता हे वाजवतात. बँडच्या पाटीवर नाव मोठं असतं आणि ‘स्थापना’ या शब्दापुढचं साल त्याहून मोठं. आत दहा बाय बाराचा गाळा. भिंतीला उलटी टांगलेली युफोनियमं, कोपऱ्यात ब्रासोचा डबा आणि खुंट्यांवर जरीच्या पट्ट्यांचे लाल कोट. या धंद्यात कोट कायमचा असतो आणि माणूस हंगामी. बाह्या ज्याच्या मनगटापर्यंत पोचतील तो वादक.

हा विनोद नाही. एकवीस माणसांची सुपारी घेतली म्हणजे एकवीस कोट दिसावेच लागतात. प्रत्यक्षात वाजवणारे पंधरा. उरलेल्या सहांना ओठाला वाद्य लावून गाल फुगवायचे असतात, फुंकायची सक्त मनाई. मास्तर त्यांना रांगेच्या बाहेरच्या कडेला उभं करतात, कारण फोटो तिकडूनच निघतात. “दिसायला हेच बरे, साहेब,” मास्तर म्हणतात, “वाजवणाऱ्याचं तोंड वाकडं होतं.”

मास्तरांच्या हातात क्लॅरोनेट. घरात पूर्वी सनई होती. महाराष्ट्रात ज्या घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या सनई-ताशाचं काम होतं, त्यांतल्या कितीतरी घरांत पुढे ही पलटणीतली वाद्यं शिरली. वाद्यं मेरठची. तिथल्या जली कोठीत हा धंदा चालतो आणि नादिर अलींची कंपनी तर 1885 पासूनची. मास्तरांचं जुनं ट्रंपेट तिथलंच. नव्या वाद्याचा पत्रा ते नखाने वाजवून बघतात आणि काही न बोलता खाली ठेवतात.

मास्तरांएवढा पंचांगाचा अभ्यास गावातल्या भटजींचाही नसतो. भटजींना मुहूर्त नसला तर सत्यनारायण असतो, वास्तुशांत असते. मास्तरांना काय? तुळशीचं लग्न लागलं की त्यांचं वर्ष सुरू होतं आणि आषाढी एकादशीला संपतं. गुरू-शुक्राचा अस्त केव्हा, उदय केव्हा, हे वेधशाळेइतक्या गांभीर्याने त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं. दाते पंचांगात गौणकाळातले मुहूर्त छापायला लागले, त्या दिवसापासून ते दात्यांना मनोमन नमस्कार करतात. पण अधिक महिन्यापुढे दात्यांचाही इलाज नाही. तो श्रावणात आला तर मास्तर क्षमा करतात. 2023 साली तसा आला होता, तेव्हा नाहीतरी धंदा बंदच असतो. 2026 सालचा मात्र ज्येष्ठात, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन हंगामाच्या काळजात. “धोंड्याचा महिना,” मास्तर म्हणतात, “गावातल्या झाडून सगळ्या जावयांना अनारशाचं ताट. आणि त्या जावयांना मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत वाजवत आणला कुणी?”

बँडची खुशाली विचारली की मास्तर बातम्या दिल्यासारखी सांगतात. ट्रंपेटवाल्याने पुढचे दोन दात काढले, त्यामुळे वरचा ‘सा’ सध्या बंद. ड्रमवाला रिक्षा चालवतो, भाडं लांबचं लागलं की वरातीत ताल नसतो. धाकट्या मुलाने हातगाडीवर कीबोर्ड आणि कर्णे चढवलेत, आता गाडी वाजते आणि माणसं तिच्यामागून चालतात. शेवटची बातमी सांगताना आवाज उतरतो. पण नवं गाणं बसवायला त्याच मुलाचा मोबाइल लागतो. 2016 च्या उन्हाळ्यात ‘सैराट’ आला तेव्हा ‘झिंगाट’ बसवायला मोजून एक रात्र मिळाली होती. त्या चित्रपटाचं सिंफनी वादन अमेरिकेतल्या स्टुडिओत झालं, असं कुणीतरी सांगितलं. मास्तर म्हणाले, “असंल. आम्ही नऊ माणसांत चौकात वाजवलं. गटाराच्या कडेला.”

वरातीत मास्तरांच्या डोळ्यांना उसंत नसते. दहाची नोट नवरदेवावरून ओवाळून मामा ती दातांत धरतो आणि नाचत नाचत मास्तरांसमोर येतो. मास्तर सूर न सोडता डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती काढून घेतात. राग कुठला, हे विचारू नका. उरलेल्या आठ बोटांत बसेल तो. मग मामाला नागीण चढते. तो रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळतो, मास्तरांना वाकून त्याच्यावर पुंगी धरावी लागते. 1954 च्या ‘नागिन’मध्येही बीन खरी नव्हतीच, कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिनवर वाजवली आणि साथीला रवींची हार्मोनियम होती. हे मास्तरांना ठाऊक आहे. मामाला सांगायची सोय नाही.

पण पाठवणीच्या वेळी बघा. घामाने डबडबलेले तेच मास्तर ट्रंपेटला हाताने गप्प करतात. “ट्रंपेटवर कुणी रडत नाही. क्लॅरोनेटवर आई रडती, युफोनियमवर बाप.” आणि खरंच, जमाखर्चाची वही बगलेत घेऊन उभा असलेला वधूपिता युफोनियमची दुसरी ओळ सुरू होताच उपरण्यात तोंड खुपसतो. ही ओळ मास्तर बिदागी हातात पडल्यानंतरच वाजवतात, असं काही वाईट लोक म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही आणि त्यात वावगंही वाटत नाही.

बँड काही एका धर्माचा नसतो. गणपती, शिवजयंती, चौदा एप्रिल, उरुसाचा संदल; ऐंशी पार करून गेलेल्या आजोबांची शेवटची यात्रासुद्धा. कोट सगळीकडे तोच, फक्त तुरा काढायचा की ठेवायचा ते मास्तर ठरवतात. पुण्याचं नाव निघालं की मात्र ते गप्प होतात. तिथल्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार हे बँड वाजतात, हे ते कुणा शास्त्रीबुवांचं नाव घ्यावं तसं सांगतात. “तिथं लोक बँड ऐकायला थांबतात. आपल्याकडं नाचायला थांबतात.”

डीजेबद्दल त्यांचं मत सगळ्यांना माहीत असतं, पण कारण निराळं आहे. त्यांना आवाजाचा राग नाही. “त्याला दम लागत नाही ना साहेब, म्हणून थांबायचं कुठं ते कळत नाही.” रात्री दहाचा नियम आला तेव्हा गावात मनापासून आनंद झालेला हा एकटाच वाजंत्री. दहा वाजता पोलीस दोघांनाही बंद करतात. मास्तर सामान आवरतात आणि मांडवाबाहेर कठड्यावर बसून राहतात. आत शेवटची पंगत उठत असते. “जेवून फुंकता येत नाही, म्हणून आम्ही मागनं जेवतो,” असं ते नव्या पोरांना सांगतात. पूर्वी वाजंत्र्यांना मांडवात घेतच नसत, हे ते सांगत नाहीत.

तेव्हा यंदा तुमच्याकडे कार्य असेल तर एवढं करा. इसार देताना घासाघीस करा, मास्तरांनाही ती आवडते. कीबोर्डची गाडी नको, म्हणून निक्षून सांगा. आणि दहाला बँड थांबला की एकवीसच्या एकवीस पानं आत, पंख्याखाली मांडा. न फुंकणाऱ्या सहांनाही वाढा, गाल त्यांचेही दुखलेले असतात.