माळा रिकामा करण्याची कार्यपद्धती

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत ज्यांचे वडिलोपार्जित घर अद्याप कौलांखाली उभे आहे, आणि ज्या घराच्या माळ्यावर वस्तू ठेवण्याखेरीज अन्य हेतूने आजवर कोणी चढलेले नाही, अशा सद्गृहस्थांच्या उपयोगार्थ पुढील मजकूर सादर करण्यात येत आहे.

प्रथम मुहूर्त. पावसाळ्यात या कामास हात घालू नये, कारण त्या दिवसांत माळ्यावरील यच्चयावत वस्तू ओलसर, जड आणि दुर्मुखलेल्या असतात व त्यांच्याविषयी निःपक्षपाती निर्णय होणे दुरापास्त असते. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी चालू असल्याने घरात माणूस नसतो. तेव्हा झोडणी उरकल्यापासून माघी चतुर्थीपर्यंत, म्हणजे महडच्या वरदविनायकाच्या उत्सवाला पाहुणेमंडळी येऊन थडकण्यापूर्वीचा काळ काय तो या कार्यास प्रशस्त होय. त्यातही मार्गशीर्षातले गुरुवार वगळावेत. त्या दिवशी घरातील स्त्रियांना पूजेमुळे सवड नसते, आणि त्यांच्या गैरहजेरीत झालेला कोणताही फैसला अपिलात टिकत नाही.

मारी कोंडो नामक जपानी विदुषीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी कसोटी घालून दिली आहे की, वस्तू हातात घ्यावी आणि तिच्या स्पर्शाने आनंद होत असेल तरच ती ठेवावी. जपानात हे चालत असेल. आमच्याकडे तांब्याचा बंब हातात घेतल्यास प्रथम कमरेत उसण भरते. आणि फेरफाराच्या उताऱ्याने कोणास आनंद झाल्याचे ऐकिवात नसले, तरी तो टाकून देणारा इसम या दोन तालुक्यांत शोधूनही सापडणार नाही. आमची कसोटी वहिवाटीची. कुळवहिवाटीचा कायदा १९४८ साली झाला, १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, आणि माळ्यावरील वस्तूंनी तो कायदा कोणी वाचून न दाखविताच आत्मसात केला: जी वस्तू बारा पावसाळे एका कोपऱ्यात निर्वेधपणे बसून आहे, ती तेथून हलविण्यास घरमालक यापुढे मुखत्यार नाही.

पंचनाम्यासाठी दोन पंच नेमावेत. एक, घरातील सर्वांत वृद्ध आत्याबाई, ज्यांना सर्व काही आठवते. दुसरा, डोंबिवलीहून आलेला भाचा, ज्याला काहीच आठवत नाही. भाच्याने वस्तू उचलून “आत्याआजी, हे टाकू?” असे विचारावे आणि आत्याबाईंनी “मेल्या, ठेव ती खाली,” असे म्हणावे, म्हणजे कामकाज रीतसर सुरू झाले असे समजावे.

अधोली आणि पायली निघतील. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, हे भाच्यास एकदा सांगावे, दुसऱ्यांदा सांगू नये. डब्यात भोकाचा पैसा निघेल; कुळे मालक झाली त्याच तारखेस आण्यांचे नये पैसे झाले, सबब हा डबा त्या दिवसापासून बेकारच आहे. जी. आय. पी. रेल्वेचे पितळी बटण निघाल्यास आजोबा कर्जतला बँकर एंजिनावर होते की नुसतेच तेथे वडे खात होते, यावर वाद उत्पन्न होईल. तो तहकूब ठेवावा.

खरा वेळ लोखंडी ट्रंकेस द्यावा. तीतील शेतसाऱ्याच्या पावत्यांवर ‘जिल्हा कुलाबा’ असे छापलेले आढळेल. जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, परंतु ट्रंकेस त्याची वर्दी अद्याप पोचलेली नाही. पूर्वी हे कागद वाळवीने खाल्ले तर कोणी हळहळत नसे. परंतु खालापुरातून द्रुतगती मार्ग गेल्यापासून, आणि मुंबईकरांस शेतघराची तहान लागल्यापासून, ज्या वरकस जमिनीत गवताखेरीज काही उगवत नव्हते तिला सोन्याचा भाव आला, आणि त्याबरोबर घरातली किराणा मालाची यादीसुद्धा पाठीमागे कोणाचा अंगठा आहे काय हे पाहिल्याविना रद्दीत जात नाहीशी झाली. पणजीने सुनेला माहेरी धाडलेली, ख्यालीखुशालीची दोन ओळींची पोस्टकार्डे हिश्शाच्या शोधात अशीच सापडतात. ती वकिलाच्या उपयोगाची नसल्याने घरातच राहतात. १९४२ सालच्या कागदांची अपेक्षा मात्र धरू नये: भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यास ज्यांनी रात्री-अपरात्री भाकरी पोचविल्या, त्यांनी त्याची पावती घेतलेली नव्हती.

जाते आणि इरले भंगारवाल्यास देण्याचा मोह होईल. अवश्य द्यावे, पण वर्षा-दोन वर्षांत नेरळकडच्या एखाद्या रिसॉर्टात तेच जाते शेवंतीची कुंडी होऊन बसलेले, आणि आजीने पाठीवर घेऊन ज्याखाली आवणी केली ते इरले आतून दिवा लावून भिंतीवर टांगलेले दिसेल, व त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढण्यास प्रवेशमूल्य पडेल, याची मानसिक तयारी ठेवावी.

उरला बंब. त्यावर मुंबईच्या चुलत्यांनी लहानपणच्या अभ्यंगस्नानाचा हवाला देऊन भावनिक हक्क सांगितल्यास हरकत घेऊ नये. सायंकाळच्या लोकलच्या मालडब्यात तो स्वतः चढवून द्यावा. हमाली मात्र गाडी सुटण्यापूर्वी रोख वसूल करावी.