पागेत नवा घोडा

आइसलँडचा घोडा खांद्यापाशी साधारण 140 सेंटीमीटर भरतो. पाहणाऱ्याच्या तोंडून लगेच ‘तट्टू’ निघते. आइसलँडमध्ये मात्र त्याला घोडाच म्हणतात. मराठी माणसाने तर उंचीवरून नाक मुरडूच नये. भीमेकाठचा भीमथडी घोडाही बुटकाच, आणि मराठी घोडदळाने मुलूख पालथा घातला तो त्याच्याच पाठीवरून. ‘भाड्याचे तट्टू’ ही शिवी माणसांसाठी आहे.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या पागेत असा पाहुणा आला की दोन-तीन आठवडे त्याला वेगळे बांधतात, कारण साथीचे रोग पाहुण्याबरोबर येतात. पुढे कुंपणाआडून तोंडओळख, मग एखाद्या शांत म्हाताऱ्या घोडीचा शेजार, आणि शेवटी सगळ्यांत सोडणे. पंगतीत आधी कोण बसणार हे घोडे लाथेने ठरवतात. म्हणून घोडे सहा असतील तर वैरणीचे ढीग सात, तेही लांब लांब. चाराही हळूहळू बदलावा; घोड्याला ओकारी येत नाही, पोटशूळ मात्र जिवावर बेततो.

खरी पंचाईत शिकवणीत. नवख्याला दुडकीचे हिसके खात खात रिकिबीवर उठबस शिकायची असते. हा घोडा ‘टोल्ट’ नावाची जास्तीची चाल घेऊनच जन्मतो. तीत एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे स्वाराच्या हातातला ताकाचा पेला हिंदकळत नाही. शिक्षक ‘दुडकी’ म्हणून ओरडतात, विद्यार्थी आरामात बसून राहतो आणि महिनाअखेर काहीच शिकलेला नसतो.

नावातच वैशाख असलेल्या वैशाखरे गावात त्याला आणायचे तर आणखी विचार हवा. इथून नाणेघाटाची वाट चढते. घाटातल्या सातवाहनकालीन लेखात अश्वमेध आहे, दक्षिणा म्हणून दिलेले घोडेही आहेत. म्हणजे डोंगराला घोड्याचे अप्रूप नाही. पण दाट लोकरीचा हा प्राणी उन्हाने हैराण होणार. माहेरी न भेटलेल्या चावऱ्या चिलटांनी या घोड्यांना परदेशात अंगभर खाज सुटते, आणि माळशेजचा पाऊस किड्यांना उपाशी ठेवत नाही.

‘पसंत न पडल्यास परत’ ही अटही इथे चालत नाही. बाहेरचा घोडा आत घ्यायचा नाही, हा आइसलँडचा नियम परंपरेने इ.स. 982 पासूनचा सांगतात. तो तिथे जन्मलेल्यालाही लागू आहे: एकदा देश सोडला की माहेर बंद.